वाचकांचे प्रश्न : यादीत नाव लागल्यावर पुढे काय?

संकटग्रस्त वनस्पती आणि प्राण्यांच्या संरक्षणाविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र ठेवून वाचली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. बहुतेक वाचक उपाय विचारतात. प्रजननकेंद्र काढावे का, बीजे साठवावीत का, आपण घरी काही करू शकतो का, असे हे प्रश्न आहेत आणि त्यांमागची तळमळ खरी आहे. पण संबंधित प्रजाती मुळात कशामुळे कमी होत आहे, हे विचारणारे पत्र क्वचितच येते. कारण न शोधता केलेल्या उपायांची गत 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशी होते, आणि संवर्धनाच्या इतिहासात अशा बंबांची उणीव नाही. म्हणून पुढील उत्तरांत मी पुनःपुन्हा कारणाकडे वळलो आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एखाद्या प्राण्याची संख्या हजारोंत असूनही तो 'संकटग्रस्त' ठरतो, तर केवळ काहीशे उरलेली दुसरी प्रजाती त्याहून सौम्य वर्गात असते. हा कुठला न्याय, आणि तो ठरवते कोण?

उत्तर : या बाबतीत जगभर ज्या यादीचा आधार घेतला जातो ती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची, म्हणजे आययूसीएनची लाल यादी होय. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या यादीसाठी आजवर १,६०,००० हून अधिक प्रजाती तपासल्या गेल्या असून त्यांपैकी ४५,००० हून अधिक प्रजाती धोक्यात असल्याचे आढळले आहे. धोक्याचे तीन वर्ग आहेत : असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त. त्यांच्या पलीकडे 'निसर्गातून नामशेष' आणि शेवटी 'नामशेष'.

वर्ग ठरवण्याच्या पाच कसोट्या आहेत आणि निव्वळ संख्या ही त्यांपैकी एकच आहे. प्रजननक्षम प्रौढ जीव ५० पेक्षा कमी उरले असतील तर प्रजाती अतिसंकटग्रस्त, २५० पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त आणि १,००० पेक्षा कमी असतील तर असुरक्षित धरली जाते. दुसरी कसोटी घसरणीच्या वेगाची आहे. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात संख्या निम्म्याने घटली, तर उरलेले प्राणी हजारोंच्या घरात असले तरी ती प्रजाती संकटग्रस्त ठरते. घट ८० टक्क्यांची असेल तर अतिसंकटग्रस्त. उलट एखाद्या बेटावर पिढ्यान्पिढ्या सहाशे पक्षी असतील आणि ते सहाशेच राहत असतील, तर त्यांना असुरक्षित म्हणणे पुरेसे आहे. घसरगुंडीवरून वेगाने खाली येणाऱ्या हजारांपेक्षा कड्याच्या काठाशी स्थिर उभे असलेले सहाशे बरे, असा हा हिशेब आहे, आणि तो मला पटतो.

मात्र दोन गैरसमज टाळावेत. 'माहिती अपुरी' हा शेरा म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. त्या वर्गातील कित्येक प्रजाती कुणी पाहायला जाण्याआधीच संपत असण्याची शक्यता असते. दुसरे असे की, लाल यादी हे निदान आहे, कायदा नव्हे. यादीत नाव आल्याने कुणाच्याही हातातली कुऱ्हाड थांबत नाही. कायद्याचे बळ प्रत्येक देशाच्या वन्यजीव कायद्यातून येते, आणि सीमापार व्यापाराला आळा घालण्याचे काम 'साइटिस' या कराराकडे आहे. हा करार ३ मार्च १९७३ रोजी झाला, १९७५ मध्ये अंमलात आला आणि आज १८० हून अधिक देश त्यात सामील आहेत. पण साइटिसही केवळ व्यापारापुरते बोलते. ज्या बेडकाला कुणी विकत नाही, पण ज्याचे तळे बुजवले जात आहे, त्याच्या कामी हा करार येत नाही.

प्रश्न : थोडेच प्राणी उरले असतील, तर ते सगळे पकडून सुरक्षित ठिकाणी त्यांची पैदास करावी आणि पुरेसे झाले की सोडून द्यावेत. इतका साधा मार्ग असताना वाद कशासाठी?

उत्तर : मार्ग साधा दिसतो, कारण त्याच्या यशाच्या कथा खरोखरच मोठ्या आहेत. अरबी ओरिक्स हे पांढरेशुभ्र, लांब सरळ शिंगांचे हरीण १९७२ मध्ये निसर्गातून संपले. त्याआधी दहा वर्षे, धोका ओळखून काही प्राणी अमेरिकेतील फिनिक्स येथील प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले होते, म्हणून वंश शिल्लक राहिला. १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ते पुन्हा सोडले गेले आणि तेथील हरासीस जमातीची माणसे त्यांचे राखणदार झाली. कळप वाढला, चारशेच्या आसपास गेला. मग १९९६ पासून जिवंत ओरिक्स पकडून खासगी संग्राहकांना विकणाऱ्या टोळ्या सक्रिय झाल्या आणि काही वर्षांत कळप पुन्हा मोडकळीस आला. पुढे सरकारने त्या अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवले, तेव्हा २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून काढून टाकले. यादीतून वगळले गेलेले ते पहिले स्थळ. इतर देशांतील कळपांमुळे ओरिक्स तगला आणि २०११ मध्ये 'असुरक्षित' या वर्गापर्यंत सुधारला. पण ओमानमधील प्रकरणाचा अर्थ स्पष्ट आहे. पैदास यशस्वी झाली होती. ओरिक्स ज्या कारणाने संपला होता ते कारण मात्र तसेच होते.

कॅलिफोर्निया कॉन्डॉर या महाकाय पक्ष्याची गोष्ट याच वळणाची आहे. १९८२ मध्ये २२ पक्षी उरले. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त पक्षी पकडण्यात आला. पिल्लांना माणसाची ओळख लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या डोक्याच्या आकाराची बाहुली हातात चढवून त्यांना भरवले जाई. १९९२ पासून पक्षी सोडायला सुरुवात झाली आणि आज त्यांची एकूण संख्या पाचशेच्या वर असून निम्म्याहून अधिक पक्षी मुक्त आहेत. तरीही मुक्त कॉन्डॉरच्या मृत्यूंमागचे एक प्रमुख कारण आजही शिशाची विषबाधा हेच आहे. शिकाऱ्याने शिशाच्या गोळीने टिपलेल्या जनावराचे अवशेष रानात राहतात, गोळीचे बारीक कण मांसात विखुरलेले असतात आणि कॉन्डॉर ते मांस खातात. म्हणून पक्षी पुनःपुन्हा पकडायचे, रक्त तपासायचे, शिसे उतरवणारे औषध द्यायचे आणि सोडायचे. कॅलिफोर्नियाने शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आणली ती २०१९ मध्ये. जोवर दुसरीकडे शिसे वापरात आहे तोवर हा दवाखाना बंद करता येणार नाही.

आणखी एक उदाहरण मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरील काळ्या रॉबिनचे १९८० मध्ये अवघे पाच पक्षी उरले होते आणि अंडी घालणारी मादी एकच होती. संवर्धकांनी तिची अंडी टॉमटिट नावाच्या दुसऱ्या लहान पक्ष्याच्या घरट्यात ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घाली. आज या प्रजातीची संख्या शेकड्यांत आहे आणि त्यांतील प्रत्येक पक्षी त्या एका मादीचा वंशज आहे. पण त्या घाईच्या दिवसांत काही माद्या घरट्याच्या वाटीत अंडी घालण्याऐवजी काठावर घालताना दिसल्या. काठावरचे अंडे उबवले जात नाही, ते वाया जाते. एकेक अंडे मोलाचे असल्याने माणसांनी ती अंडी अलगद आत सरकवली, पिल्ले निघाली, आणि काठावर अंडी घालण्याचा आनुवंशिक दोषही त्या पिल्लांबरोबर पुढच्या पिढीत गेला. काही वर्षांत अशा माद्यांचे प्रमाण चिंताजनक वाढले. शेवटी अंडी आत सरकवणे बंद केले, तेव्हा ते हळूहळू ओसरले. त्या वेळी अंडी सरकवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पाच पक्षी उरलेले असताना कुणीही तेच केले असते. परंतु पिंजऱ्यात आणि माणसाच्या देखरेखीखाली जे दोष खपून जातात ते रानात खपत नाहीत, आणि बंदिस्त पैदास जितक्या पिढ्या चालते तितके असे दोष साचत जातात. म्हणूनच ती शक्य तितक्या उशिरा नव्हे, वेळेवर सुरू करावी आणि शक्य तितक्या लवकर आवरावी, असे जाणकार म्हणतात.

प्रश्न : शिकार आणि जंगलतोड ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मग 'कारण शोधणे' एवढे अवघड काय असते?

उत्तर : गिधाडांचे उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात दक्षिण आशियातील गिधाडे अशा वेगाने मरू लागली की पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची भारतातील संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. शिकार नव्हती. खाद्याची टंचाई नव्हती. झाडांवर माना टाकून बसलेले पक्षी दिसत आणि नंतर खाली पडलेले सापडत. शवविच्छेदनात यकृत, मूत्रपिंड आणि हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. तो यूरिक आम्लाचा होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. पण कशाने? विषाणू शोधले गेले, जिवाणू शोधले गेले, कीटकनाशके आणि जड धातू तपासले गेले, आणि प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी आले. मग पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांच्या गटाने वेगळ्या बाजूने विचार केला. गिधाडे मुख्यतः मेलेली गुरे खातात, तर गुरांना मरण्याआधी काय दिले जाते? पशुवैद्य आणि औषधविक्रेते यांच्याकडे चौकशी केल्यावर डायक्लोफिनॅक हे स्वस्त वेदनाशामक पुढे आले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या गिधाडांच्या शरीरात ते सापडले, अन्य कारणाने मेलेल्यांत सापडले नाही. २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यातली सर्वांत अनपेक्षित बाब पुढेच आहे. एवढा संहार होण्यासाठी किती मृत जनावरांत औषध असावे लागेल, याचे गणित मांडले गेले, तेव्हा उत्तर शंभरात एकापेक्षाही कमी असे आले. एका मृत जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा जेवतो, म्हणून इतके थोडे प्रमाणही पुरते. कितीही गिधाडे केंद्रात वाढवून सोडली असती तरी ती याच ताटावर येऊन बसली असती.

२००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली आणि गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध चाचणी करून पुढे आणले गेले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये भारतात माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरची करण्यात आली. त्यानंतर असिक्लोफिनॅक हे दुसरे वेदनाशामक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनते असे दिसून आले, आणि ते व गिधाडांना तसेच घातक असलेले कीटोप्रोफेन यांवर २०२३ मध्ये बंदी आली. एक कारण सापडले म्हणजे काम संपले असे होत नाही. त्याची भावंडे मागून येत राहतात.

प्रश्न : संरक्षणाच्या चर्चेत वनस्पतींना कुणी विचारत नाही. बीजे गोठवून ठेवली की वनस्पती सुरक्षित झाली, असे समजायचे का?

उत्तर : पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे. सायकड या प्राचीन वनस्पतिगटातील सुमारे ७० टक्के प्रजाती धोक्यात आहेत. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के आणि पक्ष्यांत १२ टक्क्यांच्या आसपास आहे. साइटिसच्या यादीतील चाळीस हजारांच्या आसपास प्रजातींतही बहुसंख्य वनस्पतीच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक ऑर्किड आहेत. पण भित्तिचित्रावर वाघ येतो, सायकड येत नाही.

बीजपेढीविषयी बोलायचे तर तिचे तत्त्व सोपे आहे. बी सावकाश वाळवून त्यातील पाणी अगदी थोडे ठेवायचे आणि हवाबंद करून उणे २० अंश सेल्सियसला साठवायचे. अनेक प्रजातींची बीजे अशा स्थितीत कित्येक दशके जिवंत राहतात. इंग्लंडमधील क्यू उद्यानाची २००० साली उघडलेली बीजपेढी रानटी वनस्पतींसाठी याच पद्धतीने काम करते. नॉर्वेतील ज्या स्वालबार्डच्या भूमिगत कोठाराची छायाचित्रे आपण पाहतो ते २००८ चे असून पिकांच्या बियाण्यांसाठी आहे, रानफुलांसाठी नव्हे. शिवाय सगळी बीजे वाळवणे सोसत नाहीत. ओक, आंबा, रबर यांचे बी वाळले की मरते. अशा झाडांसाठी बीजातील अंकुराचा भाग काढून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवण्याचे तंत्र वापरतात, आणि ते खर्चिक व नाजूक आहे. पावसाळी अरण्यातील झाडांत अशा न वाळणाऱ्या बीजांचे प्रमाण जास्त असते, म्हणजे जिथे वृक्षतोड सर्वाधिक तिथेच बीजपेढी सर्वांत लंगडी पडते.

'वाचली' म्हणजे काय, हा प्रश्न विचारायला लावणारी एक वनस्पती आहे. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्गोये अरण्यात एका उतारावर 'वुड्स सायकड' सापडले. सायकडमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात. हे एकच झाड होते, अनेक खोडांचे, आणि ते नर होते. त्यानंतर आजतागायत रानात दुसरे सापडलेले नाही. शेवटचे खोडही १९१६ मध्ये तेथून हलवण्यात आले. बुंध्याशी येणारे फुटवे वेगळे करून लावल्याने आज जगभरच्या वनस्पतिउद्यानांत त्याची झाडे दिमाखात उभी आहेत, त्यांना नरशंकू येतात, परागकण तयार होतात आणि ते झडून जातात. ती सगळी मिळून एकच झाड आहे. अलीकडे ड्रोनमधून छायाचित्रे काढून त्या अरण्यात मादी झाड शोधण्याचा प्रयत्न सुरू आहे. सापडावे अशी इच्छा आहे, आशा फार नाही.

याउलट वोलेमी पाइनचे प्रकरण मला नमुनेदार वाटते. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वायव्येकडील एका खोल घळीत हा वृक्ष सापडला, तोवर त्याचे नातेवाईक केवळ जीवाश्मांतून ज्ञात होते. प्रौढ झाडे शंभरहून कमी. संवर्धकांनी जागा गुप्त ठेवली. तेथे जाणाऱ्यांना बुटांचे तळवे निर्जंतुक करावे लागतात, कारण मुळे कुजवणारी बुरशी चिखलातून येते. त्याच वेळी रोपे तयार करून २००५ पासून बाजारात आणली, म्हणजे हौशी संग्राहकाला घळीत उतरून चोरी करण्याचे कारणच उरू नये. २०१९-२० च्या भीषण वणव्यात विमानांतून अग्निरोधक टाकून, हेलिकॉप्टरने माणसे घळीत उतरवून आणि झाडांभोवती पाण्याचे फवारे लावून ती घळ वाचवली गेली. गुप्तता, बूट धुणे आणि रोपविक्री यांत रोमांचक असे काही नाही. पण प्रत्येक उपाय एका नेमक्या धोक्यासमोर उभा केलेला आहे.

प्रश्न : बेटांवर उंदीर आणि मांजरे विष घालून मारली जातात, असे वाचले. एका जीवासाठी दुसऱ्याचा जीव घेणे हे संरक्षण कसे?

उत्तर : हा प्रश्न नैतिक आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. उंदराचा त्यात काही अपराध नसतो. त्याला माणसाने जहाजातून आणलेले असते. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर १९१८ मध्ये एक जहाज खडकाला लागले आणि उंदीर उतरले. पुढे बेटावरचे पाच पक्षी नामशेष झाले. तिथे हाताच्या पंजाएवढा, बिनपंखी, काळा चकचकीत काडीकीटक होता, तोही १९२० नंतर दिसेनासा झाला. २००१ मध्ये सुमारे २० किलोमीटर दूर, समुद्रातून सरळ वर आलेल्या 'बॉल्स पिरॅमिड' या सुळक्यावर, एका झुडपाच्या आश्रयाने राहणारे २४ कीटक सापडले. प्रजातीची सगळी ज्ञात वस्ती ती एवढीच. त्यांतील जोड्या आणून मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात पैदास करण्यात आली.

आता या कीटकांना घरी कसे न्यायचे? उंदीर असलेल्या बेटावर त्यांना सोडणे म्हणजे उंदरांची पंगत बसवणे. म्हणून २०१९ मध्ये बेटावर उंदीर निर्मूलनाची मोहीम झाली. रहिवाशांत त्यावरून वर्षानुवर्षे तीव्र मतभेद होते. मोहिमेच्या काळात विषाचे आमिष खाण्याचा धोका असलेले 'वुडहेन' हे तिथले न उडणारे पक्षी पकडून बंदिस्त ठेवले गेले आणि नंतर सोडले गेले. त्यांची संख्या त्यानंतर चांगलीच वाढली. माझे मत विचाराल तर, उंदीर तिथे राहू देणे हाही एक निर्णयच आहे आणि त्याचेही बळी असतात, फक्त ते मोजले जात नाहीत. मात्र ज्या ठिकाणाहून उंदीर पुन्हा येणार हे उघड आहे, अशा मुख्य भूमीवर विष टाकत बसणे मला समर्थनीय वाटत नाही. मारायचेच असेल, तर ते एकदाच मारावे लागेल अशी व्यवस्था आधी असली पाहिजे.

प्रश्न : थोड्या संख्येत आपसांतच प्रजनन झाल्याने वंश खालावतो. मग बाहेरून त्याच जातीचे प्राणी आणणे भेसळ ठरत नाही का?

उत्तर : अमेरिकेतील फ्लोरिडा पँथरच्या बाबतीत हाच वाद झाला होता. १९९० च्या सुमारास वीस-तीस प्राणी उरले होते. त्यांच्या शेपट्यांना टोकाशी मुरड पडलेली असे, नरांचे वृषण खाली उतरत नसत, हृदयात छिद्रे आढळत. १९९५ मध्ये टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि त्यांपैकी पाच व्याल्या. नव्या पिल्लांत हे दोष झपाट्याने कमी झाले आणि संख्या शंभराच्या पुढे गेली. दोन्ही वस्त्या पूर्वी एकमेकींना जोडलेल्या होत्या. मधला मुलूख माणसाने व्यापल्यावर त्या तुटल्या. त्या आठ माद्यांनी पूर्वी आपोआप होत असलेलेच काम केले, त्याला भेसळ म्हणू नये. पण आता त्या पँथरचा मोठा शत्रू मोटारी आहेत, आणि त्यावर जनुकांचा उतारा नाही. तिथे रस्त्याखालचे भुयारी मार्ग आणि कुंपणेच कामाला येतात.

प्रश्न : नामशेष प्राणी क्लोनिंगने परत आणता येणार असतील, तर एवढी धावपळ हवी कशाला?

उत्तर : पिरेनीज पर्वतातील बुकार्दो या रानबोकडाची शेवटची मादी जानेवारी २००० मध्ये मेली. तिच्या साठवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये एक पिल्लू जन्मले आणि फुप्फुसांतील दोषामुळे काही मिनिटांतच गेले. ते जगले असते तरी त्याला जोडीदार कुठून मिळणार होता? तंत्र निरुपयोगी आहे असे नाही. काळ्या पायांच्या फेरेटची, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान शिकारी प्राण्याची, आजची सगळी संख्या सात प्राण्यांपासून वाढलेली आहे. १९८८ मध्ये गोठवलेल्या आणखी एका मादीच्या पेशींपासून २०२० मध्ये क्लोन जन्मला, आणि २०२४ मध्ये अशाच एका क्लोन मादीला पिल्लेही झाली. हरवलेला वंश अशा रीतीने जिवंत कळपात मिसळणे उपयोगाचे आहे, कारण मुळात कळप जिवंत आहे. फेरेट ज्या प्रेअरी डॉग या बिळांत राहणाऱ्या खारवर्गीय प्राण्यांवर जगतात ते प्लेगने मरत राहिले, तर मात्र क्लोनही उपाशीच राहतील.

प्रश्न : यादीतून कुणी बाहेर पडते तरी का?

उत्तर : पडते. आयबेरियन लिंक्स या रानमांजराची मोजणी २००२ मध्ये शंभराच्याही आत होती. आज पिल्ले धरून ती दोन हजारांवर गेली आहे, आणि २०२४ मध्ये ते 'असुरक्षित' वर्गात आले. त्यासाठी पैदासकेंद्रे होतीच, पण त्याचे मुख्य भक्ष्य असलेले ससे रोगांनी संपत आले होते, ते पुन्हा वाढवण्यावरही तितकाच भर दिला गेला. मध्य आशियातील सायगा या हरणाचे २०१५ मध्ये काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक प्राणी जिवाणुसंसर्गाने मेले आणि तरीही २०२३ मध्ये ते अतिसंकटग्रस्तवरून थेट 'धोक्याच्या जवळ' या, म्हणजे धोक्याच्या तीन वर्गांबाहेरच्या, वर्गात आले, कारण चोरटी शिकार आटोक्यात होती आणि सायगाच्या माद्या बहुधा जुळ्यांना जन्म देतात.

प्रश्न : मधमाश्या धोक्यात आहेत म्हणून मी पेटी पाळायचे ठरवले आहे. हे योग्य पाऊल आहे ना?

उत्तर : मधासाठी अवश्य पाळा. पण पाळीव मधमाशी धोक्यात नाही. धोक्यात आहेत त्या एकट्याने राहणाऱ्या, जमिनीत किंवा पोकळ काड्यांत घर करणाऱ्या रानमाश्या. जगात माश्यांच्या वीस हजारांच्या आसपास प्रजाती आहेत, त्यांतील मध साठवणाऱ्या मोजक्याच. हजारो माश्यांची एक पेटी त्याच फुलांवर सोडली, तर रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो. त्यांच्यासाठी थोडी उघडी, न खणलेली माती, वाळलेल्या काड्या आणि तिथल्याच मातीतली फुलझाडे ठेवा; कीटकनाशक फवारू नका.

प्रश्न : भटकंतीत मला एक दुर्मीळ ऑर्किड फुललेले दिसले. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकल्यास लोकांत जागृती होईल, की नुकसान होईल?

उत्तर : छायाचित्र टाका, जागा टाकू नका. भ्रमणध्वनीच्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, ते आधी काढून टाका. डोंगराचे, धबधब्याचे किंवा वाटेचे नाव लिहू नका आणि मागे ओळखू येईल असे शिखर दिसत असेल तर तो भाग कापा. ऑर्किड आणि निवडुंगवर्गीय वनस्पती चोरणारे लोक अशाच नोंदी चाळत असतात, आणि एका उतारावरची वस्ती एका दुपारी पिशवीत भरून नेता येते. नमुना म्हणूनही रोप उपटू नका. फुलाचे समोरून व बाजूने, पानाचे आणि झाड ज्यावर वाढले आहे त्या खोडाचे अशी चार छायाचित्रे वनस्पतिशास्त्राच्या जवळच्या विभागाकडे किंवा वनखात्याकडे पाठवली, तर ओळख पटवायला ती बहुधा पुरतात. आणि परतण्यापूर्वी, नजरेच्या टप्प्यात किती रोपे आहेत, त्यांपैकी किती फुलली आहेत, किती फळावर आहेत, हे मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जाऊन मोजा.